कोटाला भिणारं बाळ

सभागृह खच्चून भरलं होतं. वर्षभराचं बाळ महाराजांच्या मांडीवर मजेत खेळत होतं. महाराजांच्या निरोपाप्रमाणे दवाखान्यातल्या कामावरून तशीच, पांढऱ्या कोटात, त्याची आई दारात आली आणि बाळाने असा टाहो फोडला की लोकांनी भीतीने हात जोडले.

“निष्पाप जीवाला दिसतं ते आपल्याला दिसत नाही,” महाराज मधाळ आवाजात म्हणाले. “दवाखान्यातलं काहीतरी हिच्या मागे आलंय. मूल आता आश्रमातच राहील. आईची सावलीही नको.”

आई पुढे धावली, तसं बाळ आणखीच किंचाळलं. तिची सासू मात्र जागीच उभी होती. रोजचा नेम झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी ही बाई. किरकिरं बाळ ‘शुद्धी’साठी तीच रोज इथे आणायची. महाराजांनी सुनेचा एक जुना कोटही मागून घेतला होता. बाळ आत नेलं की बंद दारामागून खणखणाट यायचा. घंटा असेल म्हणून ती बाहेर जप करत बसायची. पण काल अंघोळीनंतर पांढरा टॉवेल पुढे केला, तर बाळ अगदी असंच किंचाळलं. टॉवेलला कुठलं भूत लागणार?

“सूनबाई, कोट काढ.”

कोट उतरला. बाळ हुंदके देत आईकडे झेपावलं.

“भूत खुंटीला टांगता येतं म्हणायचं,” मागून कोणी पुटपुटलं.

सासूने तो कोट महाराजांच्या खांद्यावर टाकला. त्यांच्याकडे बघताच बाळाने पुन्हा टाहो फोडला आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं.

“आता तुमच्यात कोण शिरलंय, महाराज?”

दार अडवणाऱ्या चेल्याला बाजूला सारून तिने शुद्धीची खोली उघडली. देव नाही, घंटा नाही. छोटी गादी, समोर टांगलेला जुना कोट, गादीमागे लोखंडी कांब आणि हातोडा.

“महाराज कोट दाखवायचे,” चेला खाली मान घालून म्हणाला. “मी फक्त वाजवायचो.”

“तान्ह्या लेकराच्या कानामागे?” तिने हातोडा उचलून सगळ्यांना दाखवला. “पांढरं दिसलं की कानठळ्या बसणारा आवाज होतो, एवढंच शिकलं ते. कोणतंही मूल शिकेल. पुढे आवाजही नको, नुसता कोट पुरतो. याला दिव्यदृष्टी म्हणता? शी!”

मग ती लोकांकडे वळली. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

“देवाला मी उद्याही हात जोडेन. पण लेकरू आत देऊन बाहेर डोळे मिटून बसणार नाही. तुम्हीही बसू नका. दार उघडायला लावा. आत जाऊन बघा.”

उद्याच्या शुद्धीसाठी नाव नोंदवायला आलेली एक बाई उठली. कडेवरच्या मुलीला घट्ट धरून ती खोलीत डोकावली, आणि तशीच घराकडे निघाली.