न उघडलेली खिरापत

तेजस्विनीने फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘ओसीडी चॅलेंज’ लिहिलं, खाली रेघ ओढली. रेघ जराशी तिरकी गेली म्हणून पुसली आणि पुन्हा ओढली.

“बघा, मलापण आहे,” ती म्हणाली. क्लबहाउसमध्ये जमलेली सगळी मंडळी हसली.

राजनंदिनी मात्र हसली नाही. दोन्ही हात गुडघ्यांत धरून ती मागच्या खुर्चीवर बसून होती.

खराडीतली ही सोसायटी दर नवरात्रात भोंडल्याच्या संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या कामासाठी निधी जमवायची. यंदा कुणासाठी जमवायचा, असं ग्रुपवर विचारल्यावर राजनंदिनीनेच सुचवलं होतं. नारायण पेठेत एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असलेली माणसं दर शनिवारी जमतात, एकमेकांना धीर देतात. दिवाळीनंतर ती खोली त्यांच्या हातून जाणार. त्यांना दुसरी जागा हवी. ‘माझ्या ओळखीचे लोक आहेत,’ एवढंच तिने लिहिलं. त्या ओळखीच्या लोकांत आपणही दर शनिवारी सतरंजीवर मांडी घालून बसतो, हे लिहिलं नाही. ते घरात नवऱ्याला माहीत होतं आणि सासूबाईंना.

“हां, तर ब्रेनस्टॉर्मिंग,” तेजस्विनी म्हणाली. “काहीतरी फन पाहिजे. रडकं नको. लोक पैसे पण देतील आणि अवेअरनेस पण होईल.”

प्रज्ञेश तयारीतच आला होता. पहाटे धावायला जाणारा, सगळ्या गोष्टींची स्पर्धा लावणारा मुलगा. “कपाट चॅलेंज. आपलं कपाट आवरायचं, आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ टाकायचा, आणि पुढच्याला नॉमिनेट करायचं. ज्याचं कपाट सगळ्यात परफेक्ट, तो विनर.”

“नाहीतर हात धुवायचं रील,” कुणीतरी म्हणालं.

चेअरमन श्यामसुंदरकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला माणूस. शब्दही नळासारखे सोडायचा, थोडे आणि ठरलेल्या वेळेला. “मी तर म्हणतो, निधी नंतर बघू. आधी हा आजार आपल्या बिल्डिंगमध्ये पसरवा. जिन्यातल्या चपला तरी एका ओळीत लागतील.”

पुन्हा हसू उसळलं. तेजस्विनीने ‘कपाट’ लिहून त्याच्यापुढे चांदणी काढली.

राजनंदिनीच्या शेजारी तिच्या सासूबाई, मंदाकिनीबाई, पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या होत्या. त्या हसल्याही नव्हत्या आणि सुनेकडे पाहतही नव्हत्या. जिथे ही इमारत उभी आहे, तिथे एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची ज्वारी डोलायची. जमीन गेली, बदल्यात दोन फ्लॅट आले; जात्यावरच्या ओव्या मात्र बाईंच्या गळ्यातच राहिल्या. भोंडला त्यांच्याशिवाय व्हायचा नाही, म्हणून मीटिंगलाही त्यांना बोलावणं असायचं.

राजनंदिनीला श्रीनिवास आठवला. शनिवारच्या गटातला. स्वतःच्या तान्ह्या लेकराला उचलून घ्यायची त्याला भीती वाटते, आपल्या हातून त्याला काही होईल म्हणून. लेकरू रडतं आणि तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो. त्याच्या फोनवर आता कपाटांची रीलं येणार होती.

आणि तिचं स्वतःचं? तिचं दुखणं रस्त्यावर बसलेलं असायचं. स्कूटर खड्ड्यातून गेली की मन म्हणायचं, खड्डा नव्हता, माणूस होतं. मग ती वळायची. परत जाऊन बघायची. खड्डाच असायचा, पावसाच्या पाण्याने भरलेला, आभाळ पांघरून निवांत पडलेला. पुढच्या चौकापर्यंत जीव शांत, आणि मग पुन्हा तेच: नीट पाहिलंस का? ऑफिस बायपासच्या पलीकडेच, पण दुखणं बळावलं त्या वर्षी ती सकाळी निघून तिथे दुपारी पोचायची. घरी आली की सासूबाईंना विचारायची, “आई, मी कुणाला धडकले नसेन ना?” त्या म्हणायच्या, “न्हाय गं बाय, कुणाला न्हाय लागलं.” तेवढ्या शब्दांवर घोटभर पाणी पिण्याइतका वेळ जायचा, की पुन्हा विचारणं आलंच.

मग समुपदेशकबाईंनी सासूबाईंनाच बजावलं, उत्तर देऊ नका. तुम्ही दिलेलं प्रत्येक उत्तर त्या शंकेच्या तोंडात घास घालतं. मंदाकिनीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. शेवटी म्हणाल्या, “पोर रडकुंडीला येऊन इचारती आन् मी तोंड शिवून बसू? उत्तर नगं तर नगं. गाऊ का?” समुपदेशकबाईंनी जरा विचार करून परवानगी दिली. तेव्हापासून राजनंदिनीने विचारलं की स्वयंपाकघरातून हलका सूर यायचा:

*असंल बाई असंल, नसंल बाई नसंल,*
*वाट गेली मागं, वाटंला काय पुसंल.*

त्या सुरात उत्तर नव्हतं. पण सोबत होती. हळूहळू राजनंदिनी न वळता ऑफिसला पोचू लागली.

आता हे सगळं इथे सांगायचं? समोर मार्कर घेऊन तेजस्विनी उभी होती. तिची मुक्ता दर सोमवारी राजनंदिनीच्या स्कूटरवर मागे बसून चंदननगरला नाचाच्या क्लासला जायची. तेजस्विनीला ऑफिसातून सुटायला उशीर होतो म्हणून. आपल्या कमरेला घट्ट धरणारे ते छोटे हात राजनंदिनीला कुठल्याही औषधापेक्षा मोठे वाटायचे. कुणीतरी आपल्यावर लेकरू सोपवतंय. खरं बोललं, तर कोणती आई उद्या ते लेकरू पाठवेल?

फळ्यावरची चांदणी तिच्याकडे बघत होती. राजनंदिनी उठली.

“हे कपाटाचं नको.”

“का गं? क्यूट आहे की,” तेजस्विनी म्हणाली.

“कारण ओसीडी म्हणजे टापटीप नाही. मला आहे ओसीडी.”

मग श्यामसुंदरकाका म्हणाले, “तुम्हाला? अहो, तुमच्या दारातल्या चपला मी रोज ओलांडतो. जरा तरी पटेल असं बोला.”

“तेच सांगतेय, काका. माझ्या ओट्यावर कालचं पातेलं तसंच आहे. मला त्याचं काही नाही. माझी शंका निराळी आहे.” तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. “गाडी चालवताना मला वाटतं, मी कुणालातरी धडकले. कधीच कुणाला धडकलेले नाही. तरी वाटतं. मागे जाऊन बघावंसं वाटतं, आणि बघितल्याने मिटत नाही. उलट वाढतं. कुणाला गॅसचं वाटतं, कुणाला हाताच्या घाणीचं, कुणाला आपण पाप केलं असं. वरून निरनिराळं दिसतं, आत एकच: नक्की का? नक्की का? नारायण पेठेतल्या त्या खोलीत मी तो प्रश्न तसाच ठेवून पुढे जायला शिकले. तशी जागा माझ्यासाठीही हवीय मला.”

तेजस्विनीने मार्करचं टोपण लावलं. “गाडीवर? म्हणजे… त्याच गाडीवर?”

“हो. त्याच.”

पुढचं वाक्य राजनंदिनीच्या ओठांवर आलं होतं: मुक्ताला पाठवशील ना? तिने ते गिळलं. ते वाक्य म्हणजे मागे वळून खड्डा बघणंच होतं.

खुर्च्या करकरल्या. कुणी फोनमध्ये पाहिलं, कुणी पंख्याकडे. प्रज्ञेशने डस्टर घेतलं आणि ‘कपाट’वरची चांदणी पुसली, मग ‘कपाट’ही पुसलं. “सॉरी, ताई,” तो पुटपुटला.

“मग काय करायचं?” श्यामसुंदरकाका म्हणाले. त्यांच्या बोलण्यातला कोरडेपणा तसाच होता, पण चष्मा कपाळावरून नाकावर आला होता. “शंकेची काय स्पर्धा लावणार? शंका विकायची कशी?”

विषय बदलावा म्हणून तेजस्विनीने मंदाकिनीबाईंकडे मोर्चा वळवला. “काकू, ते राहू दे जरा. भोंडल्याची खिरापत काय करताय यंदा?”

“वळखा.”

“अहो, आज तरी सांगा. सामान आणायला.”

“सामान घरात हाय.”

“गोड की तिखट?”

“वळखा म्हनलं ना.”

“करंज्या,” प्रज्ञेश म्हणाला. “मुरमुऱ्याचे लाडू. चकली.”

“भाजणीचं काहीतरी असणार,” श्यामसुंदरकाका म्हणाले. “परवा त्यांच्या दारावरून जाताना वास आला होता.”

“काकू, मी ऑर्गनायझर आहे, मला एकटीला कानात सांगा,” तेजस्विनी म्हणाली. “कुणाला नाही सांगणार. माझ्या डोक्यात आता रात्रभर तेच राहील.”

राजनंदिनी एकेकाचं तोंड बघत होती. खुर्चीच्या कडेला सरकलेली माणसं, ताणलेल्या माना. आणि तिच्या मनात, अंधाऱ्या माजघरात कुणी खिडकी ढकलावी तसं, काहीतरी उघडलं. ती पुढे गेली, तेजस्विनीच्या हातातून तिने मार्कर घेतला.

“तुम्हाला आत्ता जे होतंय ना,” ती म्हणाली, “त्याला शंभराने गुणा. हे घ्या चॅलेंज. यंदा खिरापतीचं झाकण उघडायचंच नाही.”

“म्हणजे खायचं काय?” प्रज्ञेशने विचारलं.

“खायला दुसरं करू. हा डबा फक्त ओळखायचा. पैसे टाका, डबा हलवा, वास घ्या, प्रश्न विचारा, ओळखा. पण बरोबर की चूक, ते कुणीच सांगणार नाही. न कळता घरी जायचं. तेच चॅलेंज.”

तेजस्विनी हळूच म्हणाली, “आणि नंतर जो विचारेल, त्याला दंड.”

“लिफ्टच्या शेजारी पेटी ठेवू,” प्रज्ञेश म्हणाला. “ज्याने विचारलं, त्याने पेटीत टाकायचे. आणि व्हिडिओत सांगायचं, न कळता राहणं कसं वाटतंय. पुढच्याला नॉमिनेट.”

“ठीक आहे,” श्यामसुंदरकाका म्हणाले. “पण कोजागरीला तरी सांगणार ना?”

“कोजागरीला बघू,” राजनंदिनी म्हणाली.

“बघू म्हणजे? सांगणार की नाही?”

“काका, पहिला दंड तुमचा.”

या वेळी हसू निराळं होतं. मंदाकिनीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

भोंडल्याच्या संध्याकाळी पाटावर हत्ती काढला, भोवती फेर धरला. हत्तीसमोर लाल कापडात गच्च बांधलेला स्टीलचा डबा. आत काय आहे ते एकट्या मंदाकिनीबाईंना ठाऊक, सुनेलाही नव्हतं. नेहमीची गाणी संपली तशी बाईंनी सुनेचं ‘नंदा’ हे घरातलं नाव गुंफून नवं धरलं आणि फेराने ते उचललं:

*असंल बाई असंल, नसंल बाई नसंल,*
*डब्याला आलं कान, डबा गालात हसंल.*
*असंल बाई असंल, नसंल बाई नसंल,*
*झाकन ठिवून नंदा माझी सुखानं गं बसंल.*

मग डबा हातोहात फिरला. कुणी कानाशी खुळखुळवला, कुणी नाकाशी धरला. कापडाची गाठ चाचपणाऱ्या प्रज्ञेशच्या हातावर बाईंनी चापट मारली. नारायण पेठेहून श्रीनिवासही आला होता, बाळ बायकोच्या कडेवर. डबा न हलवताच त्याने पैसे टाकले. “आम्ही रोज सराव करतो,” तो म्हणाला, तशी सगळी त्याच्याभोवती जमली, आणि तो बोलू लागला. बोलता बोलता बाळाने त्याचं बोट धरलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही.

तेजस्विनीने डबा बराच वेळ हातात धरला. डब्यावरून तिची नजर राजनंदिनीकडे गेली, काहीतरी बोलायला आली आणि परतली. मीटिंगनंतर त्या दोघी पेटी, पाट, फुलं एवढंच बोलल्या होत्या. क्लासला नवरात्राची सुट्टी होती; सोमवारचा विषय कुणी काढलाच नव्हता. राजनंदिनीच्या जिभेवर तो रोज यायचा. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, आता या फेराच्या कडेला. एक वाक्य विचारलं की कळेल. पण तिचाही एक डबा होता, आणि त्याचं झाकण तिने दाबून धरलं होतं.

दसरा झाला. सोमवार आला. नेहमीच्या वेळेला ती खाली उतरली. लिफ्टशेजारच्या पेटीपाशी श्यामसुंदरकाका उभे होते. नोट आत गेलेली होती.

“कोरडं की ओलं, एवढंच सांगा.”

“मलाच माहीत नाही, काका.”

“आणि तुम्ही झोपता?”

“झोपते.”

“शिकवा मग आम्हालाही,” ते म्हणाले आणि जिना चढू लागले. पहिल्याच वळणावरच्या चपलांपाशी थबकले, आणि त्या ओळीत न लावताच पुढे गेले.

राजनंदिनीने स्कूटर बाहेर काढली. तिसऱ्या मजल्यावरची तेजस्विनीची खिडकी इथून दिसते. मान वर करावी, पडदा हललाय का बघावं, फोन उघडून मेसेज आलाय का पाहावं. तिने हेल्मेटचा पट्टा लावला. पोर आली तर आली. नाही आली तर एकटीने चंदननगरपर्यंत जायचं, भाजी घ्यायची, परत यायचं. पण आज गाडी निघणार. मान तिने वर केली नाही.

लिफ्टचं दार वाजलं. घुंगरांच्या पिशवीची छुमछुम पार्किंगमधून जवळ आली.

“मावशी,” मुक्ता हेल्मेटमधूनच म्हणाली, “आईने विचारलंय डब्यात काय होतं. दंडाचे पैसे माझ्याकडे दिलेत. आधी टाकून येऊ?”

“येताना टाकू. बस.”

छोटे हात कमरेला घट्ट बसले. बायपासच्या चौकात, नेहमीच्या त्या जागी, चाक खड्ड्यातून धाडकन गेलं, आणि मनाने नेहमीचा प्रश्न विचारला. राजनंदिनीने आरशात पाहिलं नाही. ती गुणगुणू लागली.

“काय म्हणतेस गं?” मागून मुक्ताने विचारलं.

“आजीचं गाणं. तुलाही येतं की.”

मग दोघी मिळून म्हणू लागल्या. सिग्नल हिरवा झाला आणि स्कूटर चंदननगरच्या दिशेने सरळ निघाली.