शेळीपालनाच्या पाटीमागे

सोमवारी सकाळी डुकरं मोजली तेव्हा सत्तेचाळीस होती. नर एक, माद्या सहा, चार महिन्यांची तेरा आणि अंगावर पिणारी सत्तावीस. माद्यांपैकी तीन गाभण. आजारी चार, चारही पिलं. कान जांभळट, एकमेकांवर रचल्यासारखी पडलेली. थर्मामीटरवर ४१.६. निरोगी डुकराचं एकोणचाळीसच्या आसपास असतं.

"काका, हा स्वाइन फीवर दिसतोय," मी म्हणाले. "पिलं आधी मरतात. माद्या वरून बऱ्या दिसतात आणि पोटातली टाकतात. आज डॉक्टर आले तर उरलेल्यांना लस देता येईल."

"साक्षे, हळू बोल," कारभारीकाका म्हणाले. "पुढच्या मंगळवारी अंकुशनगरचे पाहुणे मीनाला बघाया येऊन राह्यले."

मीना त्यांची मुलगी. आष्टीतल्या आमच्या शेडवर 'शेळीपालन' अशी पाटी आहे. आपल्या घराण्यात डुकरं, हे गावाला कळू नये म्हणून काकांनी लसीच्या यादीत नावसुद्धा लागू दिलं नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन केलाच. दुपारी त्यांची मोटारसायकल बांधावर आली. काका आधीच तिथं उभे.

"शेळ्या हायेत साहेब, एकदम ठणठणीत. पोरगी शिकून आलीय, तिला चहात बी जंतू दिसतात."

दोघं हसले. मी शेडमधून धावत येईपर्यंत गाडी वळली होती. पुन्हा फोन लावला.

"वावर त्यांचं," डॉक्टर म्हणाले. "त्यांना बोलवू द्या."

काकांनी आठ दिवस बोलावलं नाही. गुरुवारी चार महिन्यांची डुकरं मागच्या पायांनी लटपटू लागली. शनिवारी एक मादी गाभडली, अकरा पिलं. मी खड्डा खणत होते तेव्हा काका येऊन म्हणाले, "अजून खोल खण. पाहुण्यांला वास येईल."

मी फावडं त्यांच्या पायाशी फेकलं. ते त्यांनी उचललं नाही. मग मीच उचललं.

मंगळवारी मुलाची आई, मालनबाई, चहा संपवून म्हणाल्या, "डुकरं कशी हायेत? मीनानं महिन्यामागंच फोनवर सांगितलं व्हतं. आम्हाला काय, धंदा हाय. बघू तरी."

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. मीना जमिनीकडं बघत होती.

मी उठले. "चला, दाखवते."

"साक्षे!"

"शेळ्याच हायेत ना काका? बघू द्या की."

काकांनी माझ्याकडं न बघता खिशातून फोन काढला. "साहेब, जल्दी या."

डॉक्टर चार वाजता आले. त्यांच्या वहीसाठी मी पुन्हा मोजलं. अंगावर पिणारी शून्य. चार महिन्यांची पाच. माद्या पाच. नर एक. उरलेल्या अकरापैकी चाळीसच्या खाली ताप असलेली दोन.