विहिरीतली म्हातारी

आमच्या ह्यांनी वाम मासा पकडायचं सोडलं तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. वामी संपत आल्या म्हणून बंदी आली, सापळे माळ्यावर गेले आणि घरातला तो बुळबुळीत वास एकदाचा गेला. मत्स्यखात्याच्या मॅडमनी ह्यांनाच नदीवर राखणदार नेमलं.

विहिरीत मात्र एक वाम होती, आमच्या लग्नाआधीपासूनची. दंडाएवढी जाड, ओठाला गळाची जुनी खूण. हे तिला म्हातारी म्हणत आणि माझ्याशी बोलत नसतील तेवढं तिच्याशी बोलत. यंदा तिचं पोट चांदीसारखं चमकायला लागलं. "आता तिला समुद्राची ओढ लागलीय," मॅडम म्हणाल्या. "आयुष्यात एकदाच अंडी घालते. सोडा तिला."

काल सोडली, दर वर्षीप्रमाणे गावातल्या विहिरींतून गोळा केलेल्या इतर वामींबरोबर. धरणाच्या वरच्या अंगाला, कारण जीप तिथंच पाण्यापर्यंत जाते. टाळ्या झाल्या, फोटो झाले. हे डोळे पुसत होते आणि मी चिडवत होते, "बाळंतपणाला माहेरी चाललीय ती, रडताय काय?"

आज सकाळी माझा धाकटा भाऊ बादली घेऊन दारात उभा. तो धरणाच्या वीजघरात आहे. वीज करणाऱ्या चक्रांमधून पाणी बाहेर पडतं तिथला कचरा काढायला त्याला परवाच लावलंय.

"दाजी, हे बघा जरा."

बादलीत वामींचे तुकडे होते. वरच्याच तुकड्याच्या ओठाला गळाची खूण होती.

हे बादलीपाशी खाली बसले.

"वीजघरातले जुने लोक म्हणतात, असे तुकडे दर वर्षी ह्याच दिवसांत येतात," भाऊ म्हणाला. "त्यांना वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

दर वर्षी! टाळ्या वाजवून आम्ही त्यांना ह्या चरकात धाडत होतो! मध्ये धरण आहे, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? माझ्याही आलं नाही, आणि त्याच विजेवर माझ्या घरात दिवा लागतो.

ह्यांनी फोन केला तशा मॅडम धावत आल्या. बादलीत बघून पांढऱ्याफटक पडल्या.

"बाकीच्या अजून वरच असतील," त्या कशाबशा म्हणाल्या. "पकडायची परवानगी मागते. महिना तरी लागेल."

"त्या थांबणारेत का महिनाभर?" ह्यांनी माळ्यावरून सापळा ओढला. "मी पकडणार आणि धरणाच्या भिंतीच्या खाली नेऊन सोडणार. बंदी मोडतोय मी, काय लिहायचं ते लिहा."

मॅडम म्हणाल्या, "जीप बाहेरच आहे."

दुसरा सापळा मी उचलला. तोच वास नाकात शिरला आणि मला रडू फुटलं.