मूळ टेपवरचे आठ सेकंद

वीरधवलनं टेपचं चक्र टेबलावर ठेवलं, पण हात काढला नाही.

"काका, सोडा की. मी काय खातोय व्हय?" यशराज म्हणाला.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका गाळ्यात यशराज जुन्या टेपांवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देत असे. त्यानं चक्र उजेडात धरलं आणि त्याची थट्टा थांबली. टेपला बुरशी होती. एकदा मशीनवर फिरली की वरचा थर सुटणार, दुसऱ्यांदा काही मिळेल याचा भरवसा नाही, असं त्यानं सांगितलं. फिरताना मात्र सगळं कॉम्प्युटरवर उतरणार होतं, कायमचं.

त्या शेवटच्या शब्दाला वीरधवलनं चक्राकडं हात नेला आणि मागं घेतला.

समोर प्रांजल बसली होती. पुण्याहून आलेली, पंचविशीची. वीरधवलच्या 'पुलापाशी थांब' या गाण्याच्या इतिहासावर ती ऐकण्याचा कार्यक्रम करत होती. मराठीतलं पहिलं रॉक गाणं वगैरे तिनं काही म्हटलं नाही, ते त्याला बरं वाटलं. आईबाबांच्या कॉलेजात हे गाणं वाजायचं आणि तिच्याही कॉलेजात वाजलं, एवढंच ती म्हणाली. मग तिनं माइक सुरू केला आणि गाण्यातल्या त्या गुंजणाऱ्या गिटारबद्दल विचारलं.

ते सांगणं सोपं होतं. एक्क्याण्णव साली गिटारचा ब्रिज, तारा टेकतात ती पट्टी, निघाला. सांगलीत गिटार दुरुस्त करणारं कुणी नव्हतं, म्हणून तो ती मिरजेला तंबोरे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेला. म्हाताऱ्यानं नवा ब्रिज बसवला आणि वर न सांगता त्याला तंबोऱ्यासारखी जवारी काढून दिली. तार टेकते ती कड त्यानं घासून पसरट केली होती. तार छेडली की आवाज गुंजत राहायचा, थांबायचाच नाही. वीरधवल चिडला, तर म्हातारा म्हणाला की तुझं वाद्य मुकं होतं, मी बोलतं केलं.

वाजवायला ती अवघड झाली. ड्रम वाजवणाऱ्या मित्राची बहीण चारुलता तेव्हा गाणं शिकत होती. तिनं साडीच्या फॉलचा दोरा तोडून तारांखाली घातला आणि तो केसभर सरकवत एकेक तार जुळवली. दर वेळी, रेकॉर्डिंगलाही, तिलाच बोलवावं लागे. गाणं गाजलं ते त्या गुंजण्यामुळं.

"आणि शेवटच्या कडव्याआधीची ती आठ सेकंदांची शांतता?" प्रांजलनं विचारलं. "तिथं चारुलताबाई हो म्हणाल्या होत्या ना?"

चौतीस वर्षं त्यानं हेच सांगितलं होतं. प्रत्येक स्नेहसंमेलनात, स्टेजवरून. त्यानं गाण्यातून लग्नाचं विचारलं, ती तिथंच हो म्हणाली, कंपनीनं कॅसेटवर तेवढं पुसलं. लोक टाळ्या वाजवत. पहिल्या रांगेत बसलेली चारुलता पदर सारखा करी.

खरं तर त्याला ऐकूच आलं नव्हतं. कानाला हेडफोन, त्यात ठेक्याची टकटक. गिटारशेजारी बसलेल्या तिचे ओठ हलले एवढंच दिसलं. नंतर विचारायला लाज वाटली. वर्षभरात लग्न झालं, मग विचारायचं कशाला? एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "आता तुम्ही सांगता तेच खरं." कंपनी बंद पडल्यावर मूळ टेप पार्सलनं कडेगावला घरी आली. ती तिनंच ट्रंकेत ठेवली. वाजवायला मशीन नव्हतं.

तिला जाऊन पाच महिने झाले होते. ती नाही म्हणाली असेल तर? घरच्यांनी ठरवलं म्हणून आली असेल तर? टेप खराब निघाली म्हणावं आणि उठावं, असं त्याच्या मनात आलं. तो उठलाही.

"लावू का, काका?"

तो परत बसला. मान हलवली.

चक्र फिरू लागलं. गिटार आली, त्याचाच कोवळा आवाज आला. टेपमधून तपकिरी भुकटी मशीनवर पडत होती. त्यानं गुडघे घट्ट धरले. तिसरं कडवं संपलं. शांतता. मग अगदी जवळून, वीस वर्षांच्या मुलीचा आवाज.

"गाणं माझ्यासाठी असेल तर नको. फक्त गिटार दुसऱ्या कुणाला जुळवायला देऊ नका."

शेवटचं कडवं सुरू झालं. गाणं संपलं, टेपचं टोक सुटून फडफडत राहिलं. यशराजनं मशीन बंद केलं.

"किती गोड," प्रांजल हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "म्हणजे हो-च की. मग पुढं कायम त्याच जुळवायच्या?"

वीरधवल फिरायचं थांबलेल्या चक्राकडं बघत होता. प्रांजलनं त्याचा चेहरा पाहिला आणि माइक बंद करायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे चालू," तो म्हणाला.

तिनं हात मागं घेतला.

"लग्नाला दोन महिनं झालं आसतील. पुण्याला जाऊन ब्रिज बदलून आणला मी. साधा. दोरा नको, काय नको." तो थांबला. "घरात कामं लय. म्हटलं, तिला कशाला तरास."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. चांगला हाय म्हणाली."