‘आलं’ म्हणणारा

जगातलं प्रत्येक थोर कार्य दोन माणसांनी मिळून तडीस नेलेलं असतं. एक जण मागे राहून राबतो आणि दुसरा पुढे उभा राहून काम झालं की नाही ते जाहीर करतो. या दुसऱ्या माणसावाचून पहिल्याच्या कष्टांना काडीचाही अर्थ नाही. इतिहासाने त्याची दखल घेतली नाही, ही इतिहासाची चूक आहे. मी स्वतः साडेतीन वर्षं हा दुसरा माणूस होतो. प्रताप नगरात आनंदरावांच्या बैठकीच्या खोलीत, एका जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनसमोर उभा राहून, मी रोज संध्याकाळी पाच वाजता ‘आलं’ असं म्हणत असे.

चित्र आलं. आमच्या वयात आणखी काय येणार?

आनंदरावांचं चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी फेकायला लागले, तेव्हा त्यांनी शटर ओढलं. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी बायजाबाई गेल्या. मग एक दिवस त्यांच्या ओळखीच्या, कन्हान गावच्या कृष्णकांतचा व्हिडिओ गेमचा धंदा बसला आणि त्याने आपलं शेवटचं मशीन टेम्पोत घालून आनंदरावांकडे पाठवून दिलं. गोदरेजच्या कपाटाएवढं ते धूड बैठकीत मावेना, म्हणून सोफा व्हरांड्यात गेला. तेव्हापासून आनंदरावांकडे आलेल्या पाहुण्याला बसायला जागा नाही. फार पाहुणे येत होते अशातला भाग नाही. मी येत होतो, आणि मी उभा राहत होतो.

मशीनच्या पोटात दोन गेमची दोन कार्डं होती. एक जुनं, विमानांचं. दुसरं नवं, मोटारींचं. जुनं कार्ड पडद्याला सेकंदाला चित्राच्या पंधरा हजार ओळी पाठवतं, नवं एकतीस हजार. मॉनिटर मात्र एकच. त्याला आधी सांगावं लागतं की बाबा, आता पंधरावाला येतो आहे, किंवा एकतीसवाला येतो आहे. चुकीचं सांगितलं तर एका मोटारीच्या दोन मोटारी शेजारी शेजारी धावायला लागतात. हे सांगण्यासाठी मॉनिटरच्या पाठीमागे बोटाच्या पेराएवढा एक खटका आहे, आणि त्याच्या बाजूला एक स्क्रू. खटका टाकायचा, मग चित्र स्थिर होईस्तोवर स्क्रू केसाकेसाने फिरवायचा. पंचाईत एवढीच, की मागे बसलेल्याला पुढचा पडदा दिसत नाही.

म्हणून मी.

“आलं का जी, पंत?”

“नाही.”

“आता?”

“येऊन राहिलं... येऊन राहिलं... गेलं.”

“गेलं कसं? मी तर हातबी नाही लावला.”

“मले काय माहीत? जे दिसते ते सांगून राहिलो.”

“आता पाहा.”

“आलं!”

मग आनंदराव मागून “बरं” म्हणत. ते बाहेर येत, दोघं उभ्याने चहा घेत असू, आणि मी घरी जाई. गेम आमच्यापैकी कोणीच खेळत नव्हतं. मी एकदा विमान चालवून पाहिलं, ते उडण्याच्या आधीच पडलं. आनंदरावांचं म्हणणं, चित्र बरोबर आलं पाहिजे, खेळणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. रोज पंधराचं एकतीस करायचं आणि दुसऱ्या दिवशी एकतीसचं पंधरा. याचा उपयोग काय, असं मी विचारलं नाही. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली आहेत. असले प्रश्न मला पडत नाहीत.

खात्यात माझं कामही साधारण हेच होतं. फाईल यायची, मी तिच्यावर ‘पाहिले’ असं लिहून सही करायचो, फाईल पुढे जायची. बत्तीस वर्षांत मी काय काय पाहिलं असेन याची मोजदाद नाही. त्यातलं वाचलं किती, हा वेगळा विषय आहे. तेव्हा ‘आलं’ म्हणण्याच्या कामाला माझ्याइतका अनुभवी माणूस प्रताप नगरात दुसरा नव्हता.

माझ्याआधी हे काम बायजाबाईंकडे होतं. अँटेनाच्या काळात आनंदराव लोकांच्या गच्चीवर चढत, आणि घरच्या अँटेनाचं काम निघालं की बायजाबाई अंगणात उभ्या राहून दारातून टीव्ही पाहत. घरी दुरुस्तीचा टीव्ही उघडला, तरी पडद्यासमोर त्याच असत. त्यांचं ‘आलं’ म्हणजे आलंच. “बातम्यावाल्या बाईचं तोंड लांबट येऊन राहिलं, जराकसं गिट्टीखदानच्या टॉवरकडे फिरवा,” इतक्या बारकाईने त्या सांगत. माझी तेवढी योग्यता नाही, हे मला कबूल आहे.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. मशीनच्या पुढे एक आरसा उभा करून ठेवला असता, तर मागे बसल्या बसल्या आनंदरावांना पडदा दिसला असता. हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. मी बोललो नाही. बोललो असतो, तर पाच वाजता मी कुठे जायचं?

घरी मी एकटा. माझी बायको, जिला सगळे यमुताई म्हणतात, सुनेच्या बाळंतपणात मदतीला म्हणून दोन महिन्यांसाठी मुलाकडे, केयूरकडे, बंगळुरूला गेली. तो नातू आता शाळेत जातो. रोज सकाळी ती व्हिडिओवर फोन करते आणि विचारते, “दिसते का?” मी म्हणतो, “दिसते.” मग ती भाजी कोणती केली ते विचारते.

खरं म्हणजे दिसत नव्हतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्याने त्याचं अनुकरण सुरू केलं होतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात जाऊनही आलो. तिथल्या मुलीने अर्ज भरता भरता विचारलं, “ऑपरेशनच्या दिवशी सोबत कोण राहील, काका?” मी म्हटलं, “येऊन राहिले आहेत.” तिने वाट पाहायला सांगितलं. मी अर्धा तास बाकावर बसून प्रामाणिकपणे वाट पाहिली आणि मग घरी आलो.

आनंदरावांना यातलं काही सांगितलं नाही. ज्याचं काम पाहण्याचं, त्याने दिसत नाही असं लेखी कशाला द्यायचं? मी अंदाजाने ‘आलं’ म्हणायला लागलो. आधी दोनदा ‘नाही’ म्हणायचं, एकदा ‘येऊन राहिलं’, आणि मग ‘आलं’. सरकारी कामाचाही क्रम हाच असतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

पण संक्रांतीच्या सुमारास घोळ झाला. मोटारींचा दिवस होता. मी ‘आलं’ म्हटलं. मागून ‘बरं’ आलं नाही. थोड्या वेळाने आनंदराव हात पुसत पुढे आले आणि माझ्या बाजूला उभे राहिले.

“पंत, मोटारी किती दिसून राहिल्या?”

“एक.”

“कोणत्या रंगाची?”

“लाल,” मी म्हटलं. मोटारी बहुधा लाल असतात.

ते चहा ठेवायला आत गेले. मी पडद्याला नाक लावून पाहिलं. मोटारी दोन होत्या. दोन्ही निळ्या.

दुसऱ्या दिवशी गेलो तर आनंदराव जमिनीवर बसले होते. समोर मेलेल्या टीव्हींच्या रिमोटांनी भरलेलं खोकं, हातात कढईतल्या तेलासारखं चर्र वाजणारं सोल्डरिंग गनचं टोक.

“हे काय करून राहिले?”

“खटका दुरून टाकता आला पाहिजे जी. रिमोटनं. बटन दाबलं की पंधरा, बटन दाबलं की एकतीस.”

“आणि स्क्रू?”

“स्क्रू दोन बसवतो. पंधराचा अलग, एकतीसचा अलग. एकदा लावला की मग पाहाची गरजच नाही.”

पाहायची गरजच नाही! बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या स्वच्छ भाषेत कोणी काढलं नव्हतं. पण मी रागावलो नाही. मी खाली बसलो आणि त्यांच्यासाठी बॅटरी धरली. बारा दिवस धरली. स्वतःच्या बदलीचा हुकूम स्वतःच टाइप करणारे कारकून मी पाहिले आहेत. ते टायपिंगच्या चुका करत नाहीत.

काम मोठं नाजूक होतं. “चालू मॉनिटरमध्ये खटका टाकला का ट्रान्झिस्टर उडते,” आनंदराव समजावून सांगत. “म्हणून तीन रिले, म्हणजे करंटनं आपोआप पडणारे खटके. पहिला मॉनिटर बंद करते, दुसरा खटका टाकते, तिसरा मॉनिटर चालू करते. घाई नाही कराची. आणि मांगं हात नका लावू, पंत. बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये करंट भरून राहते. लय दिवस राहते.”

“बंद झाल्यावरही?”

“बंद झाल्यावरच समजते ना, किती होता तो.”

रिमोटचा डोळा त्यांनी मशीनच्या पुढच्या बाजूला, जिथे पोरं नाणं टाकत असत त्या फटीत बसवला. गुरुवारी काम पुरं झालं. आनंदरावांनी बटण दाबलं. टक. पडदा काळा झाला. टक. टक. पडद्यावर उजेड आला. सवयीने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आलं,” मी म्हटलं. खूप दिवसांनी ते बरोबर असावं.

चहा घेतला. “चला,” म्हटलं. ते “बरं” म्हणाले. मी घरी आलो.

पुढचे आठ दिवस मी गेलो नाही. काम नसताना हपिसात जाऊन बसणं मला माहीत आहे, पण तिथे निदान खुर्ची असते. पाच वाजता मी व्हरांड्यात येऊन उभा राहायचो, गॅसवाला जायचा, समोरच्या शामलाबाई तुळशीपाशी दिवा लावून आत जायच्या, आणि साडेपाच वाजायचे. पाच ते साडेपाच हा अर्धा तास इतका लांब असतो हे मला माहीत नव्हतं. साडेतीन वर्षं तो भलतीकडेच खर्च होत होता. एक दिवस मी आमच्या बंद टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, हळूच, “आलं” असं म्हणून पाहिलं.

कोणी “बरं” म्हटलं नाही.

नवव्या दिवशी फोन आला.

“काहून जी पंत, येणं बंद?”

“गुडघा दुखून राहिला.”

“गुडघा माझा दुखते, तुमचा नाही. या.”

“येऊन करू काय? काम तर तुमच्या रिमोटनं...”

“या तं खरं.”

मी गेलो. जाताना ठरवलं होतं की आज सगळं सांगून टाकायचं, म्हणजे निदान फाईल नीट बंद होईल. दारातच सुरुवात केली.

“आनंदराव, एक गोष्ट सांगाची राहिली. तुमाले रिमोटची गरजच नव्हती. पुढे एक आरसा ठेवला असता तरी भागलं असतं. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोललो नाही.”

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते मशीनच्या मागे गेले आणि हात घालून काहीतरी ओढून काढलं. हातभर लांबीचा आरसा होता. कडांना काळी टेप, पाठीला तारेचा पाय.

“दुकान उघडलं त्या साली घेतला,” ते म्हणाले. “आरशाबिगर टीव्ही मेकॅनिक असते का जी? चाळीस वर्षं यातच पाहून राहिलो.”

“आणि इथं?”

“तुमी घरी गेले की लावतो. पहिल्या वर्षी कधी कधी लावत होतो. या दिवाळीपासून रोज. तुमी ‘आलं’ म्हणून जाता, मी आरसा लावतो, बराबर करतो, झोपतो.”

मी कुठे बसावं ते पाहत होतो. सोफा तर बाहेर होता.

“मग मले काहून बोलावत होते?”

त्यांनी आरसा आपल्या बाहीने पुसला.

“बायजाबाई होती तेव्हाबी आरसा होताच,” ते म्हणाले.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मशीनसमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“बसा,” आनंदराव म्हणाले. “साडेतीन वर्षं मी मांगं, तुमी पुढं. नुसता आवाज येऊन राहिला होता तुमचा. संक्रांतीले पुढं आलो, दोन मोटारींची एक सांगतली तुमी, तेव्हा तुमच्याकडे पाहिलं तं डोळा पांढरा. मांगं बसून हे कसं दिसणार होतं? म्हटलं रिमोट करू, इकडंच बसू. सोमवारी धंतोलीले डोळ्याच्या दवाखान्यात जाऊ. सोबत कोण हे तिथं विचारतेतच, तं माझं नाव लिहा. आता बसा ना गा!”

साडेतीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा ‘जी’ सोडून, जवळच्या मित्राला म्हणतात तसं ‘गा’ म्हटलं. मी बसलो. मला वाटलं, या क्षणी काहीतरी बोललं पाहिजे. माणूस म्हणजे काय, यंत्र म्हणजे काय, पाहणं म्हणजे काय, असं काहीतरी मोठं, जे आनंदरावांना पुढे कधीतरी आठवेल. मी खुर्चीच्या टोकाला आलो, पुढे वाकलो आणि म्हटलं, “आनंदराव, माणसाच्या आयुष्यात—”

त्यांनी रिमोट उचलून बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग रिमोट तळहातावर आपटून पाहिला, नाण्याच्या फटीतल्या रिमोटच्या डोळ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“पंत,” ते म्हणाले, “पोट जरा मांगं घ्या जी. मधात येऊन राहिलं.”