पंपाचा ठोका आणि पिटुकलीची नाडी

ओढ्याच्या काठावर सकाळपासून अख्खं गाव गोळा झालं होतं आणि कुणी शिंकायलाही धजत नव्हतं. शिंकेच्या आवाजात पंपाचा ठोका ऐकू आला नाही तर? मग आपलं काय?

पंपाभोवती तांबडा पडदा लावलेला होता. पडद्याआडून ‘धक्... धक्... धक्...’ असा संथ आवाज येत होता आणि पडद्यापुढे नाडीमहाराज उभे होते. कपाळाला राख, हातात खाली लोखंडी आकडा बसवलेली काठी, आणि आवाज असा, की भंगारवाल्यानं उसना मागून न्यावा.

“डिझेल नाही, वीज नाही, बैल नाही, माणूस नाही!” महाराज गरजले. “मग हे चालतं कशावर? बोला!”

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“तुमच्या काळजावर! याचा एकेक ठोका तुमच्यातल्या कुणाच्या तरी छातीतून उचललेला आहे. हे चालतंय तोवर तुम्ही चालताय. बघायचंय? बघा!”

महाराज पडद्याआड गेले. काहीतरी खणकलं आणि ठोका बंद झाला. इतकी शांतता पसरली, की लांबच्या खडकावर आपटणाऱ्या धुण्याचा आवाज आला. बायकांनी पोरांना पोटाशी धरलं. एक दांडगा सुतार छाती आवळून ओरडला, “माझं थांबलं! माझं थांबलं!” काळीज थांबलेला माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडू शकत नाही, हे त्याला सांगायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

आतून मंत्र सुरू झाला आणि चार श्वासांत ‘धक्... धक्...’ परत आलं. गावानं जीव भांड्यात पडल्यासारखा सुस्कारा टाकला. महाराज बाहेर आले, तशा धान्याच्या टोपल्या पुढे सरकल्या.

गर्दीच्या एका कडेला पंपवाली उभी होती. तिला सुस्काराही टाकता आला नाही. ठोका बंद असताना घरी आपल्या लेकीचं, पिटुकलीचं, काय झालं असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती वळली आणि घराकडे पळत सुटली.

पंपवाली म्हणजे पंपाची देखभाल करणारी. नवरा परगावी कामाला, घरात सासू आणि सहा वर्षांची पिटुकली. दोन वर्षांपूर्वी सायकलवर पाइपांची मोळी बांधून एक मिस्त्रीबाई गावात आली होती. वरच्या टेकाडावर पाणी नाही, बायकांची कंबर हंड्यांनी मोडते, हे बघून ती काही दिवस इथं राहिली आणि भंगारातला पाइप, जुनं लोखंडी नळकांडं अन् मुठीएवढी पितळी झडप जोडून तिनं हा पंप उभा केला. उतारावरून पाणी जोरात पाइपात येतं, त्या जोरानं झडप धाडकन मिटते, अडलेलं पाणी धक्क्यानं थोडंसं वर टेकाडावर चढतं, झडप पुन्हा उघडते. लगबगीनं चाललेल्या रांगेत पुढचा एकदम थांबला की मागच्यांची ढकलाढकली होते, तसंच. इंधन नाही, धूर नाही, खर्च नाही.

“जे यंत्र मिस्त्री आल्याशिवाय उघडता येत नाही, ते यंत्र नव्हे, ते गळ्यातलं दावं,” असं मिस्त्रीबाई म्हणायची. म्हणून तिनं पंपाला झाकण ठेवलंच नव्हतं. एका पान्यानं सगळा पंप खोलायला तिनं पंपवालीला शिकवलं होतं. चूक केली ती एकच. पहिल्या दिवशी टेकाडावरच्या टाकीत पाणी पडलं तेव्हा बाईला भरून आलं आणि पांढऱ्या रंगानं तिनं नळकांड्यावर लिहिलं: गावाचं काळीज. खाली आणखी एक ओळ: याचा ठोका चुकू देऊ नका.

आता ‘काळीज’ म्हणजे काय आणि ‘ठोका चुकणं’ म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. पण माणूस एकदा घाबरला, की म्हण त्याला म्हण वाटत नाही. ते शब्द महाराजांनी वाचले आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.

चार दिवसांपूर्वी ओढ्यावर आईशेजारी उभी असलेली पिटुकली उन्हात कोसळली. तिच्या अंगात दोन दिवसांचा ताप होता. पंपवालीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात पंप थांबला आणि पंपाजवळ उभे असलेले महाराज ओरडले, “पोरीचा ठोका चुकला!” पंप पुन्हा सुरू झाला आणि तोंडावर पाणी मारल्यावर पिटुकलीनं डोळे उघडले. पंप कसा बंद होतो आणि कसा चालू होतो, हे पंपवालीइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पण लेक हातात गळून पडल्यावर ठाऊक असलेलं काही वेळेवर आठवत नाही. तिची पाचावर धारण बसली ती बसलीच.

महाराजांनी निवाडा दिला: “हा आवाज ऐकू येईल तिथवरच हिचा जीव. टेकडीच्या वळणापलीकडे नेलीत, की खेळ खलास.”

आणि मोठा दवाखाना नेमका वळणापलीकडे होता. नर्सबाई सांगून गेली होती, “छातीत कफ भरलाय, आजच्या आज न्या.” त्यालाही दोन दिवस होऊन गेले.

पंपवाली धापा टाकत घरात शिरली. पिटुकली भिंतीलगत गोधडीत होती, तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. सासूबाई उशाशी बसून पंपाचे ठोके बोटांवर मोजत होत्या. आणि दारात सायकल टेकवून मिस्त्रीबाई उभी होती. सहा महिन्यांनी पंप बघायला आली होती.

मिस्त्रीबाईनं पोरीकडे एकदा बघितलं आणि पिशवी खांद्यावरून खालीही ठेवली नाही. “हिला अजून नेलं कसं नाही?”

“नेता येत नाही,” पंपवाली म्हणाली आणि तिला रडू फुटलं. रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

“तुझा विश्वास बसला यावर? तूच ना ती झडप रोज पुसणारी?”

“मला कळतं हो सगळं! पण खोटं नसलं तर? माझी एकच आहे.”

 मिस्त्रीबाई गोधडीच्या कडेला बसली, मनगटावरचं घड्याळ सोडून तिनं पंपवालीच्या हातात दिलं. “पंपाचे ठोके मोज. एक मिनिट.”

“तुम्हीच मोजा ना.”

“मी नाही. एक बुवा उठवून दुसरा बसवायला मी आलेली नाही. तू मोज.”

पंपवालीनं मोजले. पन्नास. मग लेकीचं मनगट हातात घेतलं. चार दिवसांत तिनं हे मनगट भीतीनं धरलंच नव्हतं. ते तव्यासारखं तापलं होतं आणि नाडी आतून घाईघाईनं उडत होती. एकशे चाळीस. तिनं पुन्हा मोजलं. एकशे चाळीसच.

“सासूबाई,” ती हळूच म्हणाली, “पंपाच्या एका ठोक्यात हिचे तीन होतात जवळजवळ. दोघांचा काही मेळ नाही.”

“महाराजांचं गणित वेगळं असतं,” सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचं बोटांवर मोजणं थांबलं.

“बरं,” मिस्त्रीबाई म्हणाली, “पंप थांबवून, पुन्हा चालू करून बाहेर येतात, तेव्हा महाराज दिसतात कसे?”

“कसे म्हणजे? तसेच. राख, काठी...” पंपवाली बोलता बोलता अडखळली. आत्ता टोपल्या घ्यायला ते पुढे आले होते, तेव्हा जमिनीवर एकाच पावलाचे ठसे उमटत होते. उजव्या. “त्यांचा उजवा पाय ओला असतो. घोट्यापर्यंत.”

  बंद पडलेला पंप चालू करायचा म्हणजे झडपेचा दांडा पायानं पाच-सात वेळा खाली दाबायचा आणि दाबणाऱ्याच्या पायावर पाण्याची चिळकांडी उडायचीच. पंपवालीचा स्वतःचा उजवा पाय दोन वर्षं रोज भिजत होता. आणि बंद करायचा, तर दांडा आकड्यानं वर उचलून क्षणभर धरायचा, की पाण्याचा दाबच झडप मिटून ठेवतो. तिला आता हेही आठवलं, की महाराज गावात आले तेव्हा आठवडाभर ओढ्यावर आंघोळीला येऊन ती पंप धूत असताना टक लावून बघत बसायचे. तिला वाटलं होतं, माणूस जरा चावट आहे. चावट असता तर बरं झालं असतं.

“कळलं ना?” मिस्त्रीबाई म्हणाली. “चल मग.”

“कळलं. पण भीती जात नाही हो. पाय उचलत नाहीत माझे.”

“भीती जायची वाट बघत बसलीस, तर पोर जाईल. ती येऊ दे बरोबर. वाटेत कुठंतरी मागं पडेल.”

पंपवालीनं पिटुकलीला चादरीनं पाठीशी बांधलं. “अगं, कुठं निघालीस? ऐक माझं!” म्हणत सासूबाई मागून धावल्या. दवाखान्याची वाट ओढ्यावरूनच होती, आणि पंप स्वतः थांबवून बघितल्याशिवाय तिला वळण ओलांडवणार नव्हतं. गर्दी बाजूला झाली. पंपवालीचे दात एकमेकांवर वाजत होते, तरी ती सरळ पडद्यापाशी गेली आणि पडदा ओढून तिनं खाली पाडला. उन्हात पंप उघडा पडला. तोच पाइप, तेच नळकांडं, वर-खाली होणारा तोच दांडा.

“हात लावू नकोस!” महाराज किंचाळले. “आईच लेकीला मारतेय! धरा तिला!”

दोघं पुढे सरसावले. तोवर तिनं दोन बोटांनी दांडा वर उचलून धरला होता.

ठोका बंद झाला.

 पुढे आलेले दोघं जागच्या जागी थिजले. सगळं गाव तिच्या पाठीवरच्या चादरीकडे बघत होतं. पंपवालीनं डोळे घट्ट मिटले. त्या क्षणी तिला झडप आठवत नव्हती, घड्याळ आठवत नव्हतं, एकशे चाळीस आठवत नव्हतं. तिला वाटलं, मी मारलं माझ्या लेकराला.

पाठीवर खोकल्याची ढास उसळली. खोल, घरघरणारी, मोठ्ठी. मग खरखरीत आवाज आला, “आई, पाणी दे ना. आणि हलू नकोस एवढी.”

पंपवाली थरथरत होती, ते लेकीला झोका दिल्यासारखं वाटलं असावं.

“जीव जायला घटका लागते!” महाराज ओरडले.

“मग चार दिवसांपूर्वी लगेच कशी काय पडली?” मिस्त्रीबाईनं मागून विचारलं.

दांडग्या सुतारानं छाती चाचपून बघितली. “महाराज,” तो ओशाळून म्हणाला, “माझंपण चालूच आहे.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. चार दिवसांत गावात कुणी हसलं नव्हतं.

“महाराज, मंत्र म्हणा आणि करा चालू,” पंपवाली म्हणाली.  “पण इथंच, सगळ्यांसमोर. काठी खाली ठेवून. आणि पाय न लावता.”

महाराजांनी मंत्र म्हटला. मोठ्यानं म्हटला, उलटा म्हटला, आकाशाकडे बघून म्हटला. पंप ढिम्म हलला नाही. राखेवरून घामाचे ओघळ उतरायला लागले.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. त्या महाराजांच्या पायाकडे बघत होत्या. त्यांनी लुगडं जरासं उचललं, देवाचं नाव घेतलं आणि आपला सुरकुतलेला उजवा पाय दांड्यावर दाबला. एकदा, दोनदा, पाच वेळा. घोट्यावर पाणी उडालं.

धक्... धक्... धक्...

सासूबाई आपल्या ओल्या पायाकडे बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, “मेल्या, पायानं चालू होतं होय हे? आणि माझ्या नातीला तू चार दिवस अडकवून ठेवलंस?”

पुढे महाराजांचं काय झालं, हे बघायला पंपवाली थांबली नाही. मिस्त्रीबाईच्या सायकलच्या कॅरियरवर बसून ती निघाली होती. वाट चढत गेली तसा ठोका बारीक होत गेला. टेकडीचं वळण आलं आणि तो ऐकू येईनासा झाला. पंपवालीच्या स्वतःच्या काळजाचा ठोका चुकला. सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, हातांनी केलं होतं, तरी चुकला. तिनं हात मागे नेला आणि लेकीचं मनगट धरलं. नाडी घाईघाईनं उडत होती. दवाखाना येईपर्यंत तिनं ते मनगट सोडलं नाही.

अकराव्या दिवशी पिटुकली स्वतःच्या पायांनी वळणाच्या अलीकडे आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं.

घाबरणं हा काही गुन्हा नाही. अंगावर आलं, की शहाण्यासुरत्यालाही कापरं भरतं. पण घाबरलेल्या माणसालाही घड्याळ बघता येतं, नाडी मोजता येते, आणि कुणी पडदा लावला, तर ‘आत काय आहे?’ असं विचारता येतं. तेवढं केलं तरी पुष्कळ.

तांबड्या पडद्याच्या चिंध्या आता पंपवाली झडप पुसायला वापरते. मिस्त्रीबाईनं जाण्याआधी नळकांड्यावरची जुनी अक्षरं पत्र्यानं खरवडून काढली आणि पिटुकलीच्या हातात ब्रश दिला. ओळ जरा तिरकी गेली आहे, पण वाचता येते:

हा पंप आहे. बंद पडला तर पायाने दाबा.