बाळकृष्णाला सांगितलेलं

लग्न झाल्यापासून मी एका पितळी मूर्तीवर जळत होते. कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

माझे पती रंगनाथ पूर्णा स्टेशनवर पार्सल क्लार्क होते. मी तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. माझा देव कॉलेजातच सुटला होता, काही भांडण न होता. त्यांचा मात्र आमच्या रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, कोनाड्यात बसलेला. रोज सकाळी बाळकृष्णाला कोमट पाण्यानं अंघोळ, मग मऊ फडक्यानं पुसणं. पुसता पुसता ते त्याच्याशी बोलत. हळू बोलत, पण मी तिथंच भाकरी थापत असायची. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं. छातीत धडधडतंय. बदलीची भीती वाटतेय. मी काही विचारलं तर उत्तर एकच, "काही न्हाई. बरं हाय."

जो नाहीच अशी माझी खात्री होती, त्याचा मत्सर करणं तर्काला धरून नव्हतं. पण ते फडकं किती हळुवार फिरायचं, ते मला दिसत होतं.

त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला. रंगनाथ स्टेशनवरच्या लोकांबरोबर चादरी घेऊन मदतीला गेले. परत आले त्या दिवसापासून त्यांनी बाळकृष्णाला हात लावला नाही.

शेजारच्या सगुणाबाई दारातूनच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमचा देव उपाशी हाय म्हणं! तुमीच शिकवलं का काय ह्यांना?"

"शाळेतली पोरं शिकंनात माझ्याकडून, हे कुठले शिकतात?"

त्या हसत गेल्या. मला आतून फार बरं वाटत होतं. जागा रिकामी झाली होती. रोज सकाळी मी चहा घेऊन रंगनाथांच्या समोर बसू लागले.

ते बोलेनात. चहा प्यायचे आणि कोनाड्याकडे बघायचे. देव मनातून गेल्यावरही घरात त्याचंच चाललं होतं. शेवटी एकदा मला राहवलं नाही.

"त्याला सगळं सांगत होता. मला सांगायला काय होतं? मला कान नाहीत का?"

"कान हायेत की. पण तोंडबी हाय," ते म्हणाले. "मी अर्धं बोललो की तू कारण सांगतीस, उपाय सांगतीस. तो मधी बोलायचा न्हाई."

लागलं मला. खरं होतं म्हणून जास्तच. पण मी उठून गेले नाही.

चहा गार झाल्यावर ते बोलू लागले.

"एक घर पार बसलं होतं. फक्त देवघराची भिंत उभी. मूर्तीवरचं फूलसुद्धा हाललं नव्हतं. घरातलं माणूस एकबी वाचलं न्हाई, अन् भवतालचे लोक हात जोडायलेत. देवाची करणी म्हणायलेत. मीबी जोडले. तर हातालाच वास. दिवसभर ज्यांना बाहेर काढलं, त्यांचा." त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. "तिथं कुणी न्हाई गं. कुणीच न्हाई."

ती भिंत का उभी राहिली असेल, ते माझ्या जिभेवर आलं होतं. कोपरा असेल, वर आडवं लाकूड असेल. मी ते गिळलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कळायलंय का तुला, मी काय म्हणतो ते?"

असं त्यांनी बाळकृष्णाला कधीच विचारलं नव्हतं. मी रोज ऐकत होते, मला माहीत आहे.

"कळतंय," मी म्हणाले, आणि पुढं काही बोलले नाही.